गुण्याचा एकट्याचा आवाज

तारकर्ली,
१२ मे २००६

प्रिय बाळा,

नमस्कार-चमत्कार सोडतो. तू मस्कतहून वर्षाला एक पत्र पाठवतोस आणि त्यात हवा कशी आहे तेवढंच लिहितोस, तेव्हा मीही हवेपासूनच सुरुवात करतो. इथे उकाडा भयंकर आहे, यंदा आंबा कमी आहे, आणि मी हे तुझ्या घरच्या ओसरीवर बसून लिहितोय. हो, तुझ्याच घरच्या. आये बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. मी आल्या आल्या म्हणाली, "सहदेवा, पोट केदा वाडलां तुझा! मुंबईक काय फक्त खातस काय रे?" नवरा गेल्यापासून सुगंधा इथेच असते आणि आईचं सगळं तीच बघते. तुझ्या बहिणीचे केस माझ्याहून पांढरे झालेत.

मी का आलो ते ऐक, आणि हसू नकोस. मुंबईतली एक कंपनी आपली रेकॉर्ड पुन्हा काढतेय. आपली म्हणजे आपल्या बँडची, किंग मॅकरलची! इंटरनेटवर कुणी जपानी माणूस आपल्यावर लिहितो म्हणे, सत्तरच्या दशकातल्या मुंबईचा हरवलेला रॉक वगैरे. गिरगावात तुम्हा भावांच्या मामाच्या खोलीत गुण्या घसा फोडून इंग्रजी गाणी म्हणायचा, तू ड्रम बडवायचास, मी बेस गिटार धरायचो आणि समोरच्या वाडीतला ग्लॅडविन गिटार वाजवत आपल्या तिघांना सूर दाखवायचा. खालचे बिऱ्हाडकरू काठीने छत ठोकायचे. आपण हरवलोय हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी अजून स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचंच काम करतो म्हणून कंपनीने प्रितम नावाचा एक पोरगा माझ्याकडे धाडला. कानात सतत इअरफोनची बोंडं घातलेली. त्याने मला माझाच धंदा समजावून सांगितला. जुनी रेकॉर्ड नुसती पुसून पुन्हा छापायची नाही, मूळ फिती शोधायच्या. मूळ फितीवर ड्रम वेगळा, गिटार वेगळी, गळा वेगळा, ज्याची त्याची पट्टी निराळी. ते सगळं सुटं सुटं संगणकात घ्यायचं आणि नव्याने मिसळायचं. हाय रेझोल्यूशन. माणसाच्या कानाला ऐकू येतं त्याच्या पलीकडचंसुद्धा त्यात टिपलं जातं म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या वयाला अलीकडचंच ऐकू आलं तरी पुरे.

पण खोटं कशाला बोलू, मला ती गोष्ट आवडली. स्टुडिओ बंद पडला तेव्हा आपल्या फिती भंगारात जायच्या होत्या. त्या गुण्याने मागून घेतल्या आणि मुंबई सोडून गावी आला तेव्हा ट्रंकेत घालून घेऊन आला. त्या ट्रंकेसाठी मी आलोय.

इथे आल्यावर माझ्या तोंडाने घात केला. तुला आठवतं ना, रेकॉर्ड निघाली तेव्हा गुण्या कुणाचा तरी रेकॉर्ड प्लेअर उसना घेऊन गावी आला होता आणि सगळ्या वाडीला बसवून ऐकवली होती. आये म्हणाली होती, "ह्या धडाम-धुडूमात माझो गुणो खंय आसा रे?" आणि गुण्या हसून हसून लोळला होता. ते तिने मला परवा पुन्हा सांगितलं. म्हणाली, माझ्याकडे त्याचा फोटो आहे, शर्ट आहे, आवाज तेवढा नाही. रेकॉर्डच्या त्या ताटातला तो ओळखू येत नाही. तर मी उत्साहाच्या भरात म्हणून गेलो, "आये, हेच्यातसून गुण्याचो एकट्याचो आवाज काडून देतंय तुका."

"एकट्याचो? बाकी कोण वाजवूचो नाय?"

"कोण नाय."

"खरा सांगतस?"

मी हो म्हटलं. गुण्या गेल्यापासून सव्वीस वर्षं जी बाई कशालाही 'बरां' म्हणून गप्प बसते, ती उठून भिंत धरत धरत ट्रंकेची किल्ली शोधायला गेली.

दुसऱ्या त्या गोष्टीबद्दल मी तिच्यापाशी बोललो नाही आणि इथेही लिहीत नाही. तुझं नाव मी एकदाच काढलं. ती चुलीकडे निघून गेली.

तरी सांगतो, गणपतीला ये. तिला गुण्या ऐकवीन तेव्हा तू घरात असायला हवास. ती आनंदात असेल, आणि आनंदात माणूस थोडा सैल होतो. एवढं माझं ऐक. ट्रंक उद्या उघडतोय.

तुझा वाट बघणारा,
सहदेव


मुंबई,
२ जुलै २००६

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. 'बघतो' एवढंच लिहिलंयस, पण तू नाही म्हटलं नाहीस, हे मी चार वेळा वाचून पक्कं केलं. आता तू आला नाहीस तरी मला तुला काही म्हणता येणार नाही, कारण तुला दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. आपलं ध्वनिमुद्रण दोन फितींवर झालं होतं. पहिल्या फितीवर आपण तिघांनी वाजवलेलं; ते झालं की ते सगळं दुसऱ्या फितीवर उतरवून घेतलं, आणि मग गुण्या एकटा आत उभा राहून गायला. म्हणजे त्याचा गळा फक्त दुसऱ्या फितीवर. पहिलीवर तो नाहीच, आपण वाजवत होतो तेव्हा त्याच्यासमोर माईकही नव्हता. ट्रंकेत पहिलीचा डबा होता. दुसरीचा डबाही होता, पण त्यात नुसतं रिकामं चक्र.

मी सुगंधाला विचारलं. ती मला खळ्यात घेऊन गेली. सुकत घातलेली मासळी उचलून झाली होती, बांबू तेवढे उभे होते, आणि एका बांबूच्या गाठीला हातभर फीत अडकलेली होती. तुला कळलं असेल. आपल्याकडे कोण कॅसेटची फीत टाकून देतं? मासळीवर बांधायची, ती चकाकते, वाऱ्यावर वाजते, कावळे येत नाहीत. काही वर्षांपूर्वी पावसात घर गळलं, ट्रंकेतलं सामान उन्हात काढलं, तेव्हा वरचा डबा हाती लागला आणि त्यातली फीत उलगडून बांबूंवर बांधली गेली. दोन हंगाम मासळी राखली तिने.

"कोणी बांधल्यान?" मी विचारलं.

"आयेनं. आनी कोण बांधतला? सहदेवदादा, आयेक सांगा नको. ता आयकान मरात."

मी सांगणार नाहीच. पण पुढचं ऐक. आम्ही खळ्यात उभे आहोत हे बघून आये स्वतःच काठी टेकत आली आणि त्या तुकड्याला हात लावून मला कौतुकाने म्हणाली, "ही बरी होती रे फीत. कॅसेटीच्यापेक्षा रुंद. कावळे लांबसून बघीत रवत." मी मान हलवली. त्या क्षणी मला दर्यात जाऊन बसावंसं वाटलं.

तो तुकडा मी मुंबईला आणला. फितीवरचा तपकिरी थर म्हणजेच आवाज. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने तो झडून गेलाय, फितीतून पलीकडचं दिसतं. तरीही मशीनवर लावली. वेडा म्हण. नुसती खरखर आली, तीही मशीनचीच असावी.

पहिली फीत मात्र वाचली. चिकट झाली होती, ती मंद उबेत सुकवून घेतली आणि संगणकात उतरवली. बाळा, तू काय वाजवायचास रे! तेव्हा सगळ्या गोंगाटात ते कधी ऐकूच आलं नव्हतं. आता एकेक माईक सुटा ऐकतो तेव्हा तुझी खुर्ची करकरते ते कळतं, तू काठी खाली पाडतोस आणि शिवी देतोस तेही कळतं. हे सगळं इतकं स्वच्छ आहे, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तोच तेवढा त्यात नाही.

प्रितम म्हणतो, रेकॉर्डवरून गळा वेगळा काढू. मी प्रयत्न केला. मिसळलेलं वेगळं होत नाही, आमटीतलं मीठ काढायला गेल्यासारखं होतं. गुण्याचा आवाज काढला तर पाण्यात बुडून बोलल्यासारखा येतो. हे वाक्य लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं. खोडणार होतो, राहू दिलं. कंपनीची दुसरी तोड अशी की नवा गायक आणून गाणी म्हणवून घ्यायची. मी त्यांना काय ते बोललो, आणि आता त्यांनी फाईल मिटलीय. माझंही त्यांच्याशी काम मिटलं.

आये दर रविवारी शेजारच्या कुबलांकडे जाऊन मला फोन लावायला सांगते. एकच शब्द विचारते, "मेळलो?" मी म्हणतो, काम चाललंय. ती 'बरां' म्हणते आणि फोन ठेवते.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी लिहिणार नव्हतो. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच खेपेला होडी उलटली, तू परत आलास आणि गुण्या आला नाही. आये सगळ्या वाडीसमोर तुला म्हणाली, "तू कित्याक परत इलस?" मी तिथेच उभा होतो. तू अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी माझ्याकडे बघितलंस आणि मी खाली बघितलं. तू त्याचा हात धरून होतास, लाटेने तो सुटला, हे मी तिला नंतर कितीदा तरी सांगितलं. ती ऐकून घेते आणि म्हणते, "माका एकच झिल होतो. तेका दर्यान नेल्यान." दोन मुलांची आई, आणि मुलगा एकच म्हणते. मला वाटलं होतं, गुण्याचा आवाज हातात दिला तर ती तुझ्याकडे वळेल. माझा सगळा डाव तेवढ्यावर होता. कंपनी, जपान, सगळं गेलं खड्ड्यात.

पुढच्या महिन्यात जाऊन तिला सांगून टाकणार आहे की मिळाला नाही. का ते सांगणार नाही.

तुझा,
हरलेला सहदेव


तारकर्ली,
१४ ऑगस्ट २००६

प्रिय बाळा,

तुझं चार पानी पत्र सुगंधाने माझ्या हातात ठेवलं. इतकी वर्षं हवेवर लिहिणारा तू, एकदम एवढं लिहिलंस. रजा मिळाली, तिकीट काढलं, गोव्याला उतरून गणपतीच्या आदल्या दिवशी घरी पोचतोस, आणि त्याआधी येत्या रविवारी कुबलांकडे फोन करून आयेशी बोलणार आहेस. 'ती काही का बोलेना, मी बोलणार,' असं लिहिलंयस. हे वाक्य वाचायची मी किती वर्षं वाट बघितली. आणि आज मी तुला जे लिहिणार आहे ते फोनवर सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून हे कुरियरने पाठवतोय. फोनच्या आधी तुझ्या हाती पडो.

मी तिला सांगायलाच आलो होतो. बरोबर संगणक आणि दोन स्पीकर आणले होते. गळा नाही तर नाही, निदान आपण वाजवलेलं तरी ऐकवावं, म्हणजे मी अगदीच रिकाम्या हाताने आलो असं होऊ नये. दुपारी ओसरीवर मांडामांड केली. आये मागच्या बाजूला मासे निवडत होती. आवाज बरोबर लागतोय का बघायला मी तुझ्या ड्रमचा माईक एकटाच चालू केला. कुठलंसं तिसरं गाणं सुरू व्हायच्या आधीची जागा लागली. आपण ताटकळत बसलोय, ग्लॅडविन गिटार लावतोय, आणि तू चेष्टेने माईकमध्ये तोंड घालून ओरडतोस, "आये गो! भूक लागली गो! बांगडो भाज मगे वायच!" मग हसतोस आणि काठ्या वाजवून गाणं धरतोस.

तुला हे आठवत असेल का? मला आठवत नव्हतं.

आये मागून आली. हातांना माशांचे खवले तसेच होते. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गुणो."

ती म्हणाली, "मेळलो तुका! माझो गुणो मेळलो! परत लाव."

बाळा, मी तिला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिच्या मागे सुगंधा दिसली. सुगंधाने आवाज ओळखला होता आणि ती मला मानेने नको नको म्हणत होती. मी परत लावलं. आये स्पीकरसमोर खाली बसली आणि तू 'भूक लागली' म्हणालास तशी म्हणाली, "भाजतंय रे पुता, भाजतंय. वायच दम धर." आणि खरंच उठली. खारवलेला बांगडा होता तो निखाऱ्यावर भाजला, पानावर घातला आणि स्पीकरसमोर आणून ठेवला. सुगंधा आत जाऊन रडली. मी बाहेर.

तुमचे आवाज इतके सारखे होते का रे? मला कधी तसं वाटलं नाही. पण गुण्याला ऐकून तिला सव्वीस वर्षं झाली, आणि तिने गुण्याचा आवाज मागितला होता, तोच तिला मिळाला. वर मीच तिला शब्द दिला होता की त्यात दुसरं कुणी नसेल.

त्याला आता आठवडा झाला. मी मुंबईला परत जाऊ शकलो नाही. सकाळी चहा झाला की ती म्हणते, लाव. दुपारी जेवणाआधी लाव. वाडीतल्या बायका येतात, तिच्याबरोबर ऐकतात, पदराने डोळे पुसतात. जुन्यांपैकी लक्ष्मीकाकूने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा स्पीकरकडे वळली. आये दोन घास जास्त जेवते. रात्री शांत झोपते, सुगंधा म्हणते, कित्येक वर्षांत अशी झोपली नव्हती. तिने भिंत धरायचं सोडलंय.

आता मला ते लिहायलाच हवं. ऐकून झालं की ती दरवेळी एकच बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकून आलं तोंडात. नाही, रोज तेच. म्हणते, "असो झिल होतो माझो. आणि दर्यान मागे ठेवल्यान कोणाक, बघ." आणि हे ती तुझ्या आवाजासमोर बसून म्हणते. हे तुला कळवावं की नाही यावर मी फार विचार केला. न कळवता तुला येऊ दिलं असतं तर तू हे इथे येऊन तोंडावर ऐकलं असतंस.

पण ते ऐकायला लागू नये म्हणून मी हे लिहीत नाही. ते तू सोसलं असतंस, मला माहीत आहे. तू आलास आणि ओसरीवर उभा राहून 'आये' अशी हाक मारलीस, की ती ओळखेल. डोळ्यांनी नाही ओळखणार, कानांनी ओळखेल. एका शब्दात तिला कळेल की इतके दिवस जेवायला घातला तो कोण होता. मग गुण्या दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळीही तूच परत आलेला असशील. ते तिला झेपणार नाही. तुलाही झेपणार नाही. सुगंधालाही मी विचारलं. ती म्हणाली, "बाळादादाक सांग, माझो जीव तुटता. पण येवा नको म्हणान सांग."

तेव्हा रविवारी फोन करू नकोस. तिकीट रद्द कर. कुबलांनाही कधी फोन लावू नकोस, ते तिला बोलावून आणतील. यायचंच असेल तर ती गेल्यावर ये. सव्वीस वर्षं मी तुला ये ये म्हणून लिहीत आलो, आणि ज्या पत्राला तू हो म्हणालास त्याला मी हे उत्तर धाडतोय. मला शिव्या दे. मस्कतच्या बंदरावर उभा राहून मोठ्याने दे.

एवढंच आहे माझ्याकडे तुला द्यायला: ती तुझी हाक ऐकते, रोज, आणि दरवेळी ओ देते. तू बोलावलंस आणि ती आली नाही असं एकदाही झालेलं नाही. ते तुझ्या नावावर नाही, पण उत्तर तुलाच मिळतं.

आतून हाक आली, लाव म्हणून. जातो, तुला लावतो.

तुझा,
सहदेव